तिसरं भावंड

घर घेतलं असं फोनवर सांगितल्यावर डोंबिवलीहून दादाचा पहिला प्रश्न होता, "लोन कुणाचं?" मी म्हटलं लोन अगदी थोडं आहे, पण घर एचडीएफसीचं आहे. पाच सेकंद शांतता. मग म्हणाला, "म्हणजे कुणीतरी हप्ते बुडवले आणि बँकेने लिलावात काढलं ते?" त्याचं चुकलं नव्हतं. मलाही पहिल्यांदा जाहिरातीत ती चार अक्षरं दिसली तेव्हा निळा-लाल लोगोच आठवला होता. आपली एचडीएफसी म्हणजे हाऊसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन आणि न्यूयॉर्कची म्हणजे हाऊसिंग डेव्हलपमेंट फंड कॉर्पोरेशन, एका शब्दाचा फरक, पण त्या एका शब्दात सगळं जग इकडचं तिकडे होतं. गंमत म्हणजे आपली १९७७ साली मुंबईत सुरू झाली, आणि बरोबर त्याच साली मॅनहॅटनच्या वरच्या भागात हॅमिल्टन हाइट्समधल्या एका पाच मजली बिल्डिंगचा मालक बिल्डिंग आहे तशी टाकून निघून गेला. मी आता तिथेच राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मालक बिल्डिंग टाकून जातो ही कल्पनाच मुंबईच्या माणसाला पचत नाही. मी गिरगावात वाढले, आमच्याकडे मालक मरतो, मालकाची मुलं भांडतात, बिल्डिंगचा सज्जा पडतो, दुरुस्ती मंडळाचे लाकडी टेकू दहा-दहा वर्षं उभे राहतात, पण मालकी सोडून कोणी जात नाही. इथे गेले, शेकड्यांनी गेले. ७३ च्या तेलसंकटानंतर बॉयलरचं तेल महाग झालं, त्या वस्त्यांना बँका कर्ज देत नव्हत्या कारण राहणारे लोक काळे नाहीतर स्पॅनिश बोलणारे, ७५ ला तर शहरच दिवाळं काढायच्या बेतात होतं. भाड्यातून खर्च निघेना म्हणून मालकांनी आधी दुरुस्ती बंद केली, मग तेल बंद केलं, मग प्रॉपर्टी टॅक्स भरणं बंद केलं आणि शेवटी भाडं मागायला येणंसुद्धा बंद केलं. टॅक्स थकला की बिल्डिंग शहराच्या ताब्यात, आणि ७६ च्या कायद्याने तर तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाच्या थकबाकीवर जप्ती सुरू झाली. शहराला वाटलं आता लोक टॅक्स भरतील. झालं उलटंच, शहराच्या गळ्यात हजारो मोडकी घरं पडली आणि त्यात माणसं राहत होती.

मग ७८ ला एक योजना निघाली, की भाडेकरूंनी एकत्र यायचं, बिल्डिंग शहराकडून तात्पुरती चालवायला घ्यायची, भाडं आपणच गोळा करायचं, हिशोब ठेवायचा, आणि जमलं तर शेवटी शहराकडून विकत घ्यायची. दर घरामागे २५० डॉलर. हो, अडीचशे. अशा भाडेकरूंच्या हजाराहून जास्त बिल्डिंगा या शहरात आजही को-ऑप म्हणून उभ्या आहेत, त्यांनाच एचडीएफसी म्हणतात. आमची त्यातलीच, भाडेकरूंच्या नावावर झाली १९८६ मधे.

अडीचशेचा आकडा ऐकला आणि मला मुलुंडच्या मावशीचं शेअर सर्टिफिकेट आठवलं. हिरव्या बॉर्डरचं, कपाटात साडीच्या घडीत ठेवलेलं, त्यावर "प्रत्येकी ५० रुपयांचे ५ शेअर्स". म्हणजे अडीचशेच. को-ऑप हा प्रकार मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही हो, इथल्या माझ्या ऑफिसमधल्या लोकांना पटवता पटवता नाकी नऊ येतात की तुम्ही घर विकत घेत नाही, सोसायटीचे शेअर्स घेता आणि त्यावर राहायचा हक्क मिळतो, आणि मी मनात म्हणते, अरे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सेक्रेटरी-चेअरमनची भांडणं ऐकत मोठं होतं.

पण ही को-ऑप एका बाबतीत वेगळी. श्रीमंतांना इथे घेता येत नाही. दर बिल्डिंगचा नियम वेगळा, कुठे शहराच्या मधल्या उत्पन्नाच्या १२० टक्के ही मर्यादा, कुठे १६५. आमच्याकडे जुना फॉर्म्युला आहे. वर्षाचा मेन्टेनन्स, लाईट-गॅसचा खर्च आणि घराच्या किंमतीचे सहा टक्के यांची बेरीज करायची आणि तिला सहाने गुणायचं, तुमची मिळकत त्याच्या आत पाहिजे. अवलंबून असलेली तीन किंवा जास्त माणसं असतील तर सहाऐवजी सातने गुणायचं. मी एकटी. एका म्युझियमच्या तळघरात जुन्या फोटोंची नोंदणी करते, त्यामुळे मर्यादेच्या आत असायला मला काही कष्ट पडले नाहीत. अमेरिकेतला मराठी माणूस म्हणजे आयटी हा समज इतका पक्का आहे की न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मैत्रिणीला मी म्हटलं माझा पगार कमी आहे म्हणून मला हे घर मिळतंय, तर तिने ते असं हळू आवाजात दुसरीला सांगितलं जणू मला काहीतरी झालंय.

आता यातली खरी मेख. पगार कमी पाहिजे पण पैसे रोख पाहिजेत. बँका या बिल्डिंगांचे हिशोब बघून नाक मुरडतात, गंगाजळी कमी, दोन-चार घरांचा मेन्टेनन्स थकलेला, म्हणून कर्ज सहजी मिळत नाही. मग घेतं कोण? पगार कमी पण गाठीला पैसा असलेली माणसं. म्हणजे बऱ्याचदा ज्यांचे आईबाप चेक लिहून देऊ शकतात अशी, चित्रकार वगैरे. गरिबांसाठीच्या घरात असे लोक शिरतात यावर इथे खूप चिडचिड आहे आणि ती रास्त आहे. मी चित्रकार नाही, पण माझ्याही मागे एक चेक होताच.

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या. बाबा गेले, आईला जिना झेपेना म्हणून ती दादाकडे डोंबिवलीला गेली, खोल्या बंद. शेवटी विकल्या. १ कोटी २० लाख. पागडीची खोली विकली की मालकाचा हिस्सा ठरलेला असतो, आमच्याकडे तिसरा. ९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तर हा व्यवहार उजळ माथ्याचा करून टाकलाय, आधी टेबलाखालून चालायचा. म्हणजे ४० लाख मालकाला, आणि आई म्हणाली मला काय करायचेत, तर ४० दादाला आणि ४० मला. कागदावर सह्या करताना दादा म्हणाला होता, "बघ, आपल्याला एक तिसरं भावंड होतं आणि आई-बाबांनी कधी सांगितलंच नाही." मालकाने चाळीस वर्षांत त्या खोल्यांना एक चुन्याचा हात दिला नव्हता. गच्ची गळायची ती आम्ही ताडपत्री घालायचो, संडासाचं दार मोडलं तर मजल्याने वर्गणी काढायची. दादाचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तर ते ४० लाख, सीएचे फॉर्म, बँकेच्या चकरा वगैरे होऊन ५५ हजार डॉलर झाले. सतरा वर्षांची शिल्लक ७० हजार, आणि एका छोट्या क्रेडिट युनियनने जरा धाडस करून ६० हजार दिले. घराची किंमत १ लाख ८५ हजार. दोन ब्लॉक पलीकडे साध्या को-ऑपमधे याच मापाचं घर दुपटीहून महाग होतं.

मुलाखत तळघरात झाली, बॉयलरशेजारी, घडीच्या खुर्च्यांवर. कमिटीची पाच माणसं, माझे तीन वर्षांचे टॅक्सचे कागद हातोहात फिरतायत, आणि त्यांच्यात सगळ्यात वयस्कर बाई, केस पांढरेशुभ्र, पायात घरातल्या सपाता. डोन्या. हे नाव नाही, मान आहे, आपल्या काकू आणि बाईसाहेब यांच्या मधलं काहीतरी. ६८ साली डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या, पाचव्या मजल्यावर राहतात, ८६ ला ज्यांनी अडीचशे डॉलर भरले त्यातल्या आता ज्या चार जणी उरल्यात त्यातल्या एक. त्यांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. एवढंच विचारलं, की इथे राहणार की भाड्याने देऊन पळणार? भाड्याने द्यायला परवानगी नाहीच आमच्याकडे. मी म्हटलं राहणार. आणि मग सेक्रेटरीने नियम वाचला, की घर विकलं तर नफ्याच्या ३० टक्के बिल्डिंगला.

मी चक्क हसले. सगळे बघायला लागले. मुलुंडच्या मावशीच्या सोसायटीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजार रुपयांच्या वर घेता येत नाही, इथे सरळ ३० टक्के! पण मला हसू आलं ते पागडी आठवून. साता समुद्रापलीकडे आले तरी तिसरं भावंड आहेच. फक्त तिकडे ते घरी बसून हिस्सा घेत होतं, इथे तो हिस्सा बॉयलरला जातो, छपराला जातो, म्हणजे शेजाऱ्यांना जातो. किती बरं वाटलं मला. तिथे ज्याने काही केलं नाही त्याला, इथे ज्यांनी बिल्डिंग जगवली त्यांना. बोर्डापुढे मी हे बोलूनही दाखवलं, पागडी म्हणजे काय ते समजावून. दोघांनी माना डोलावल्या. डोन्या काही बोलल्या नाहीत.

घराची अवस्था सांगते. आधीची बाई तिथे चाळीस वर्षं राहिली होती. जाहिरातीत "थोडं प्रेम हवं" असं लिहिलेलं, इकडच्या दलालांच्या भाषेत त्याचा अर्थ भिंतीत हात घातला तर तो पलीकडे निघेल. भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर थापलेला गिलावा, शंभर वर्षांचा. दाराच्या चौकटीवर इतके रंग की दार बंदच व्हायचं नाही. एक कोपरा खरवडून पाहिला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर, पांढरा, पिवळट, एक भयंकर पोपटी, मग तपकिरी, आणि तळचे नक्की शिशाचे, कारण न्यूयॉर्कने घरातला शिशाचा रंग १९६० मधे बंद केला आणि बिल्डिंग त्याच्या पन्नास वर्षं आधीची. म्हणजे खरवडायचं नाही, धूळ करायची नाही, सर्टिफिकेटवाला माणूस बोलवायचा. किचनमधे लिनोलियमखाली नऊ इंची चौकोनी टाइल्स निघाल्या. मला आवडल्या, काळ्या आणि मळकट लाल, बुद्धिबळाच्या पटासारख्या. तपासणीवाल्याने गुडघ्यावर बसून एकाच नजरेत सांगितलं, नऊ इंची म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉस. रिपोर्ट तसाच आला. त्यांना हात न लावता वरून नवी जमीन टाकली, त्यामुळे माझं किचन बाकी घरापेक्षा बोटभर उंच आहे आणि पाहुणे हमखास ठेचकाळतात.

बाथरूम हलवायचं नाही, खालच्याच्या बेडरूमवर तुमचं पाणी येता कामा नये हा नियम. नवीन वायरिंग बिल्डिंगच्या मेन लाइनला झेपेल तेवढंच, म्हणून एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावायचे नाहीत. पण संडास घरात आहे. १९०१ च्या कायद्यानंतरची बिल्डिंग असल्यामुळे प्रत्येक घराला आपला संडास आणि प्रत्येक खोलीला खिडकी. गिरगावातल्या कॉमन संडासाच्या रांगेत उभं राहून मोठी झालेल्या बाईला याचं अप्रूप काय असतं ते एडिसनवाल्यांना नाही कळायचं.

रेडिएटर मात्र मला कळेना. रात्री दोन वाजता कोणीतरी हातोडीने पाइप ठोकतंय असा आवाज. दोन रात्री मी वरच्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात डोन्यांना विचारलं, तर त्या काही न बोलता माझ्या घरात आल्या, रेडिएटरशेजारी वाकून बघितलं, वर गेल्या आणि परत आल्या त्या हातात चेकर्सच्या दोन लाल सोंगट्या घेऊन. मला म्हणाल्या, उचल. मी रेडिएटरचं टोक फळीने उचकटलं, त्यांनी पायाखाली सोंगट्या सरकवल्या. वाफेचं पाणी होतं ते मागे वाहून गेलं पाहिजे, रेडिएटर समपातळीत असेल तर आत साठतं आणि मागून येणारी वाफ त्याच्यावर आपटते, बस एवढंच. त्या रात्रीपासून आवाज बंद. वर त्यांचा चेकर्सचा डबा आहे त्यात आता खेळण्यापुरत्या सोंगट्या नाहीत, बिल्डिंगभर वाटल्या गेल्यात.

आता जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. २०१९ चा फेब्रुवारी. माझ्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने जुनी शेगडी ओढून काढली आणि मागचा गॅसचा पाइप हलला. वास आला. त्याने साबणाचं पाणी लावून बघितलं, काहीतरी घट्ट केलं, म्हणाला झालं. चौथ्या मजल्यावरच्या एकाने फोन केला तो बरोबरच केला, कारण १४ मधे ईस्ट हार्लेममधे गॅसच्या स्फोटात आठ माणसं गेली, १५ मधे ईस्ट व्हिलेजमधे दोन, तेव्हापासून या शहरात गॅसचा वास म्हणजे चेष्टा राहिलेली नाही. अर्ध्या तासात गॅसवाले आले आणि तळघरात जाऊन अख्ख्या बिल्डिंगचा गॅस बंद केला. वीस घरं.

मला वाटलं दोन दिवस. सात महिने लागले. एकदा बंद केला की नुसता नळ उघडून चालू होत नाही, सगळ्या पाइपात हवा भरून दाब टिकतो का बघतात, आणि शंभर वर्षांच्या पाइपात तो टिकणार कसा. मग लायसन्सवाला मास्टर प्लंबर, परमिट, जिन्यातल्या भिंती फोडणं, तपासणी, फेल, परत तपासणी. गंगाजळीतले पन्नास हजारांहून जास्त डॉलर गेले, आणि माझा कॉन्ट्रॅक्टर पहिल्या आठवड्यातच फोन उचलेनासा झाला. पाइप कुजलेलेच होते, आज ना उद्या हे होणारच होतं असं प्लंबरने सगळ्यांसमोर सांगितलं. पण निमित्त कोण? तीन महिन्यांपूर्वी आलेली तिसऱ्या मजल्यावरची इंडियन.

कमिटीने घरटी एक एका चुलीची इलेक्ट्रिक हॉटप्लेट वाटली. वाटायला मी गेले, मला सांगितलंच तसं. वीस दारं. कोणी दार उघडून डबा घेतला आणि लावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने विचारलं, तुझं किचन छान झालंय म्हणे? मी हो म्हणाले, काय म्हणणार.

डोन्यांनी दार उघडलं आणि हॉटप्लेटकडे असं बघितलं जसं आपण नासलेल्या दुधाकडे बघतो. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासांचा काळ, चालू होता. त्या दिवसांत डोमिनिकन घरांत अबिचुएलास कोन दुल्से करतात, म्हणजे राजम्याची खीर समजा, राजमा शिजवून वाटायचा, त्यात दूध, नारळाचं दूध, साखर, दालचिनी, रताळ्याचे तुकडे, वरून छोटी बिस्किटं. करतात ते पातेलंभर आणि बिल्डिंगभर वाटतात. त्यांचं पातेलं आपल्या लग्नातल्या आमटीएवढं, त्या हॉटप्लेटवर ते नुसतं ठेवलं तरी प्लेट दिसेनाशी झाली. राजमा शिजायलाच दिवस गेला असता. मी म्हटलं थांबा, आणि खालून माझा पाच लिटरचा कुकर आणला, आईने दिलेला, सामानात बसवायला मी त्यात गोडा मसाला भरून आणला होता एकेकाळी, अजून झाकणाला वास येतो. राजमा रात्रीचा भिजलेलाच होता. हॉटप्लेटवर प्रेशर धरायला पंचवीस मिनिटं लागली आणि मग पहिली शिट्टी झाली तेव्हा डोन्या खरंच दोन पावलं मागे गेल्या आणि क्रूस काढला. त्या वेळी बिल्डिंगमधे गॅसवरून वातावरण काय होतं हे लक्षात घेता मला जरा दम धरायला हवा होता. पाच शिट्ट्या. झाकण उघडून त्यांनी एक दाणा बोटात चिरडला, मऊ. मग दुसरा चिरडला. चार खेपांत सगळा राजमा शिजवला आम्ही, आणि त्या वर्षी खिरीला अगदी पुसटसा गोड्या मसाल्याचा वास होता असं मला वाटलं, बाकी कोणी बोललं नाही. वाटायला परत मीच गेले. या वेळी निम्म्या दारांनी आत बोलावलं.

हे सांगितलं की लोकांना वाटतं तिथून सगळं गोड झालं. नाही झालं. दुसऱ्या मजल्यावरचा अजून माझ्याशी मोजकं बोलतो. आणि डोन्यांनी मला माफ वगैरे काही केलं नाही, त्यांनी मला कामाला लावलं. प्लंबरचे फोन, परमिटच्या ऑफिसच्या फेऱ्या, कोटेशनं, सगळं माझ्याकडे. सप्टेंबरात गॅस आला, आणि पुढच्या निवडणुकीत मी ट्रेझरर झाले, कारण त्या हिशोबाचे कागद फक्त मलाच समजत होते. मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी सोसायटीच्या कमिटीत सापडतो म्हणतात ते असं.

ट्रेझरर झाल्यावर जुन्या वह्या हातात आल्या. ७७ पासूनच्या, रेघांच्या, एका बाजूने इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूने स्पॅनिश. बॉयलरचं तेल, कुलुपं, उंदरांचं औषध. झाडू-पोछ्याच्या रकान्यात पगार नाहीच, तिथे नुसती नावं, आठवड्याची पाळी. सुरुवातीला दहा-बारा नावं फिरतात, मग सात, मग चार. डोन्यांचं नाव ९९ पर्यंत आहे. त्यानंतर पहिल्यांदा "सुपर, अर्धवेळ", म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा पगारी माणूस, असं लिहिलंय आणि त्यापुढे डॉलर.

आता २०२९ जवळ येतंय. या बिल्डिंगांना प्रॉपर्टी टॅक्समधे जी सवलत आहे ती त्या वर्षी संपते, आणि पुढे शहर काय अटी घालेल यावर प्रत्येक मीटिंगमधे वाद. काही वर्षांपूर्वी शहराने नवा करार पुढे केला होता, विक्रीवर जास्त बंधनं, तेव्हा सगळ्यात जास्त आवाज जुन्या मालकांनीच उठवला होता. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे दुसरं काही नाही, मुलांना द्यायला हे एवढंच आहे, आणि आता तुम्ही सांगणार केवढ्याला विकायचं? मला तेव्हा ते जरा खटकलं होतं. स्वस्त घरं स्वस्त राहायला नकोत का?

तर गेल्या वर्षीच्या सभेत ठराव आला, ३० टक्के कमी करून १० करा. आणणाऱ्या डोन्या. एक्याऐंशीच्या झाल्यात, पाच मजले चढवत नाहीत, मायदेशी सान्तियागोला बहिणीकडे जायचंय आणि मुलीसाठी काहीतरी ठेवायचंय. मी आदल्या रात्री बसून हिशोब केला होता. त्यांनी घेतलं २५० ला. आज विकलं तर जवळजवळ सगळी किंमत म्हणजे नफाच, त्याच्या ३० टक्के बिल्डिंगला. मी घेतलं १ लाख ८५ हजाराला, माझा नफा तेवढा नाही, म्हणून माझा हिस्साही कमी. आणि त्यांनी भरलेल्या पैशातून बिल्डिंगची पुढची वीस वर्षं निघणार, म्हणजे माझी. ट्रेझरर म्हणून मला ठराव पडायला हवा होता, सरळ आहे, गॅसने गंगाजळीला भोक पाडलंय. आणि ते भोक कोणामुळे पडलं?

मतदान चिठ्ठ्यांनी. नियम बदलायला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे वीसपैकी चौदा. अठरा घरं आली होती. चिठ्ठ्या माझ्यासमोर, बॉयलरशेजारच्या त्याच घडीच्या टेबलावर. बाजूने अकरा, विरुद्ध सहा, एक कोरी. सेक्रेटरीने विचारलं कोरीचं काय करायचं. मी म्हटलं कोरी अशीच नोंदवतात. माझीच होती ती. नुसती दुमडून टाकली होती, हो पण नाही आणि नाही पण नाही, आणि आतापर्यंतच्या आयुष्यात मी इतकी गुळमुळीत गोष्ट दुसरी केली असेन असं वाटत नाही.

सभा संपल्यावर डोन्यांची पिशवी घेऊन मी त्यांच्याबरोबर जिना चढत होते. प्रत्येक मजल्यावर त्या थांबतात. चौथ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, श्वास जमवला, आणि एकदम म्हणाल्या, "मिहा," म्हणजे पोरी, "तुझ्या आईच्या खोलीच्या मालकाने किती घेतले म्हणाली होतीस?"

मी म्हटलं तिसरा हिस्सा.

"त्याने कधी जिना पुसला होता?"

म्हटलं, नाही. कधीच नाही.

"मी पुसलाय," त्या म्हणाल्या. "हा. बावीस वर्षं."

मग माझ्या हातातून पिशवी घेतली आणि उरलेला एक जिना एकट्याच चढून गेल्या.